अभ्यास पान : हौदातली गप्पीची मादी नर कसा निवडते?



गेल्या पावसाळ्यात कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात ग्रामसंघाची बैठक होती. विषय डेंग्यूचा होता, म्हणून आशाताई प्राथमिक आरोग्य केंद्रातून एका बरणीत गप्पी मासे घेऊन आल्या होत्या. बरणी या हातातून त्या हातात फिरली आणि कर्जवसुलीचा विषय तिथंच राहिला. एका आजींनी बरणी डोळ्याजवळ धरली आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्यातले बारके बारके रंगीत हायत अन् मोठे सगळे मातकट. ह्यात नटायलंय कोण?"

मी म्हटलं, "आजी, रंगीत ते नर. मातकट त्या माद्या."

"मंग नर कुणासाठी नटायलेत?"

"माद्यांसाठी."

"अन् माद्या काय करायल्यात?"

"माद्या बघायल्यात आजी. पसंत पडला तर हो म्हणणार, नाहीतर नाही."

सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर मागच्या बाजूला बसलेल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "म्हंजे तिला इचारतात तरी." नंतर त्या काही बोलल्या नाहीत, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

मी समाजकार्य शिकलेली, माशांचं मला काय माहीत? आरोग्य केंद्रातल्या पोस्टरवर होतं तेवढं सांगून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र वाचायला घेतलं. एक मैत्रीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तिला विचारून घेतलं. तेव्हा कळलं की मी आजींना दिलेलं उत्तर अर्धंच होतं. मादी निवड करते हे खरं. पण ती कुणाला निवडू शकते, किती निवांतपणे निवडते, आणि निवडायची संधी तिला मिळते का, हे तिच्या भोवतालचं पाणी, उजेड, खाणं, शत्रू आणि शेजारणी ठरवतात. उरलेलं अर्धं उत्तर या पानावर देते आहे.

आधी ओळख

गप्पी आपल्या मातीतला मासा नाही. त्याचं माहेर दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेला, व्हेनेझुएला, गयाना आणि शेजारच्या त्रिनिदाद बेटावर. त्रिनिदाद हे नाव आपल्याला अगदीच परकं नको. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक नावाचं जहाज आपल्या देशातल्या मजुरांना घेऊन त्या बेटावर पोचलं होतं, उसाच्या मळ्यात राबायला. पुढची सत्तर-बहात्तर वर्षं अशी जहाजं जात राहिली. त्यांची पतवंडं आजही तिथं दिवाळी करतात. ऊसतोडीला जाणाऱ्या गावातल्या आपल्या बायांना हे सांगितलं की त्या म्हणतात, एवढ्या लांब? याच बेटावरून लेकमेअर गप्पी नावाच्या माणसाने १८६६ मध्ये हे मासे लंडनच्या संग्रहालयाला पाठवले आणि त्याचंच आडनाव माशाला चिकटलं. डासांच्या अळ्या खातो म्हणून ब्रिटिश काळात, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, तो भारतात आणला गेला.

नर इंच-सव्वा इंचाचा. मादी त्याहून बरीच मोठी, कधी दुप्पट. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, साधारण महिन्याला एक वेत. मादीच्या पोटाखाली मागच्या बाजूला काळसर डाग दिसतो, तो पोटुशी असताना जास्त गडद होतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल. मादी नराचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवू शकते. म्हणजे एकटी मादी हौदात सोडली आणि नर नसला तरी ती वेतावर वेत देऊ शकते.

नर मादीसमोर येतो, अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवतो, पंख ताठ करतो आणि थरथरतो. हा त्याचा नाच. मादीला रस असेल तर ती हळूच त्याच्याकडे सरकते. नसेल तर वळून निघून जाते. नाच न करताही नर प्रयत्न करतो. मागून गुपचूप येऊन, मादीला न विचारता, जबरदस्तीने. हे दोन्ही रस्ते एकाच नराजवळ असतात. कोणता रस्ता जास्त वापरायचा हे तो ज्या पाण्यात राहतो त्यावर बरंचसं ठरतं.

जोडीदाराच्या पसंतीमुळे पिढ्यानपिढ्या रंगरूप आणि वागणूक बदलत जाते, याला शास्त्रात लैंगिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ च्या पुस्तकात हा विचार सविस्तर मांडला. मोराचा पिसारा त्यांना छळायचा. एवढं ओझं घेऊन पळता येत नाही, मग ते टिकलं कसं? लांडोरीला आवडतं म्हणून टिकलं, असं त्यांचं म्हणणं. मादीच्या पसंतीला एवढी ताकद असू शकते, हे त्या काळातल्या पुष्कळ विद्वान पुरुषांना पटलं नव्हतं. मला त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही.

नारंगी ठिपका आणि हळदीची गाठ

त्रिनिदादच्या पुष्कळ ओढ्यांतल्या माद्यांना नारंगी ठिपका आवडतो. मोठा आणि गडद असेल तर जास्त. का आवडत असावा, हे आपल्याला हळदीवरून चटकन कळेल. हिंगोलीच्या मार्केटला हळद नेली की व्यापारी काय करतो? गाठ मोडतो आणि आतला रंग बघतो. तो रंग बघून त्याला माल कळतो. नारंगी ठिपक्याचं तसंच आहे. तो रंग ज्या द्रव्यापासून होतो, त्यातला मोठा भाग मासा स्वतःच्या अंगात तयार करू शकत नाही. गाजरात असतं त्याच जातीचं ते द्रव्य. ते खाण्यातून, मुख्यतः शेवाळातून मिळवावं लागतं. म्हणजे ज्याचा ठिपका गडद, तो खाणं शोधण्यात तरबेज. अंगावर परजीवी किडे झालेल्या नराचा नारंगी रंग फिका पडतो, आणि माद्या त्याला टाळतात, हेही प्रयोगात दिसलं आहे.

आता यात भोवताल कसा येतो ते बघा. ज्या ओढ्यावर झाडांचं दाट छत आहे, तिथं ऊन कमी, शेवाळ कमी, म्हणून नारंगी द्रव्यही कमी. झाडी विरळ असेल तर ऊन भरपूर, शेवाळ भरपूर. एकाच डोंगरातले दोन ओढे, मासा तोच, पण एकीकडे नराला नटायला सामान भरपूर आणि दुसरीकडे टंचाई. त्यात त्याचा स्वतःचा दोष काही नाही. त्यामुळे दोन वेगळ्या हौदांतले नर शेजारी ठेवून हा चांगला, तो वाईट असं म्हणता येत नाही. एकाच हौदातल्या दोघांची तुलना केली तर तिला काही अर्थ.

आणि फक्त नारंगीच सगळं असतं तर सगळे नर एकाच साच्यातून काढल्यासारखे झाले असते. पण बरणीत दहा नर असतील तर दहांचे ठिपके वेगळे. याचं एक कारण असं की वेगळा दिसणारा, आधी न पाहिलेला नर माद्यांचं लक्ष जास्त वेधतो. ज्याच्यासारखे फार थोडे आहेत, त्याचा फायदा होतो. त्याच्यासारखे वाढले की फायदा संपतो.

धबधब्याच्या वर, धबधब्याच्या खाली

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा आहे. त्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगरातून लहान लहान नद्या उतरतात. मध्ये धबधबे. धबधब्याच्या खाली पाइक सिक्लिड नावाचा शिकारी मासा राहतो, आपली मरळ जशी बेडकावर झडप घालते तसा तो गप्पीवर घालतो. तो धबधबा चढून वर जाऊ शकत नाही. वर राहतो तो एक बारका मासा, तोही फार तर लहान गप्पी खातो. म्हणजे धबधब्याच्या वर शांतता आणि खाली धोका.

जॉन एंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिलं की वरचे नर भडक आहेत आणि खालचे फिके, कमी ठिपक्यांचे. भडक दिसला की मादीला आवडतो, पण शिकाऱ्यालाही तोच आधी दिसतो. नुसतं बघून एंडलर थांबले नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी खालच्या धोक्याच्या पाण्यातले २०० गप्पी उचलले आणि वरच्या एका अशा ओढ्यात सोडले, जिथं तो मोठा शिकारी नव्हता आणि आधी गप्पीही नव्हते. साधारण दोन वर्षांनी जाऊन पाहिलं. गप्पीच्या तेवढ्यात पंधराएक पिढ्या झाल्या होत्या. त्या फिक्या नरांचे वंशज रंगीत झाले होते. प्रिन्स्टन विद्यापीठात मोठमोठी टाकी बांधूनही त्यांनी हे करून पाहिलं. ज्या टाक्यांत मोठा शिकारी सोडला तिथं ठिपके कमी झाले, जिथं नव्हता तिथं वाढले. हे काम १९८० मध्ये छापून आलं आणि आजही शिकवलं जातं.

धोक्याने फक्त नराचा रंग बदलतो असं नाही, मादीची वागणूकही बदलते. शिकाऱ्यांच्या पाण्यातल्या माद्या, शिकारी जवळ आहे असं दिसलं की नर पारखण्यात वेळ घालवत नाहीत. निरखायला थांबली तर जीव जातो. अशा पाण्यातले नरही नाच कमी करतात आणि तो दुसरा, न विचारण्याचा रस्ता जास्त धरतात. नाचायचं असेलच तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, उजेड मंद असताना.

इथं थोडं थांबते. माशावरून माणसाला धडा काढू नये, असं माझ्या मैत्रिणीने मला बजावलं आहे आणि ते बरोबरच आहे. माशाला कायदा नसतो, शाळा नसते, बचत गट नसतो. तरी हा भाग मी एका गटात वाचून दाखवला तेव्हा बोलणं आपोआप दुसरीकडे वळलं. ऊसतोडीला निघायच्या आधी काय होतं ते ताईच सांगू लागल्या. पोरगी मागं एकटी कुणाजवळ ठेवायची? नेली तर फडावर, कोपीत तिची राखण कोण करणार? त्यापेक्षा दोनाचे चार हात करून टाका. शिवाय लग्न झालं की कोयता होतो, जोडप्याला उचल मिळते. त्या घाईत मुलगा कसा आहे हे कुणी नीट पाहत नाही, आणि मुलीला तर विचारतही नाही. वय सोळा. आई वाईट असते असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. भीतीच्या पाण्यात निवड अशी आखडते, एवढंच. मुलीचं लग्न अठराच्या आत लावणं गुन्हा आहे आणि १०९८ वर फोन करता येतो, हे मी तिथं सांगितलं, इथंही लिहून ठेवते. आता परत माशांकडे.

शेजारणीने बघितला म्हणून

ली ड्युगॅटकिन आणि त्यांचे सहकारी गोडिन यांनी १९९२ मध्ये एक साधा पण मजेदार प्रयोग छापला. काचेची टाकी. एका टोकाला एक नर, दुसऱ्या टोकाला दुसरा, दोघंही काचेमागे. मधोमध एक मादी, तीही काचेच्या नळीत, तिला सगळं दिसतं पण कुठं जाता येत नाही. मग दुसरी एक मादी एका नराच्या जवळ दहाएक मिनिटं ठेवली. मधली बघत राहिली. नंतर दुसरीला काढून घेतलं आणि मधलीला मोकळं सोडलं. वीसपैकी सतरा वेळा ती त्याच नराकडे गेली, ज्याच्याजवळ आधी दुसरी होती. काही माद्यांनी आधी स्वतः पसंत केलेला नरसुद्धा यामुळे सोडला.

पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की तरुण माद्या वयाने मोठ्या माद्यांचं बघून निवडतात, मोठ्या मात्र लहानांचं बघून निवडत नाहीत. १९९६ च्या प्रयोगात आणखी बारकावा आला. दोन नरांच्या नारंगी रंगात थोडाच फरक असेल तर मादी शेजारणीचं ऐकते, कमी नारंगी असला तरी शेजारणीचाच नर घेते. पण फरक खूप असेल, साधारण ४० टक्के, तर शेजारीण काही का करेना, ती जास्त नारंगी नराकडेच जाते.

मला यात आपला गट दिसला. कुणी एकीने शेळीसाठी कर्ज घेतलं आणि बरं चाललं की पुढच्या बैठकीत पाच जणींना शेळीच हवी असते. नव्या सदस्यांना तर हमखास. मी पूर्वी याला मेंढरासारखं वागणं म्हणायचे. आता तसं म्हणत नाही. स्वतः सगळं तपासायला वेळ लागतो आणि चूक महाग पडते, तेव्हा अनुभवी बाईचं बघून करणं यात शहाणपण असू शकतं. फक्त बघावं लागतं की तिला खरंच फळलं का. दुसऱ्या एका ठिकाणच्या गप्पींवर असाच प्रयोग केला तेव्हा अशी नक्कल दिसली नाही, हेही सांगायला हवं. सगळीकडच्या माद्या एकसारख्या नाहीत.

संगतीचा दुसरा भाग कडू आहे. नर मादीच्या मागं लागतात ते दिवसभर. पोटुशी असली तरी, नको असलं तरी. त्यात तिचं खाणं बुडतं. त्रिनिदादच्या नद्यांत असं दिसलं की नरांचा त्रास टाळायला माद्या खोल पाण्यात जातात, जिथं शिकारी जास्त असतात. म्हणजे नरापासून वाचण्यासाठी मरणाजवळ जायचं. आणखी एक युक्ती त्या करतात. जिला सध्या नर नको आहे, ती अशा मादीच्या जवळ राहणं पसंत करते जिच्याकडे नरांचं लक्ष आधीच जास्त आहे, म्हणजे हिच्यावरची नजर हटते. ज्या टाकीत नर फार आणि माद्या थोड्या, तिथं माद्यांना उसंत मिळत नाही. म्हणून हौदात सोडताना माद्या जास्त आणि नर कमी सोडावेत.

पाणी गढूळ झालं की

आतापर्यंत जे सांगितलं त्या सगळ्याला एक अट आहे. मादीला दिसलं पाहिजे. पाणीच गढूळ असेल तर?

यासाठी गप्पी सोडून आफ्रिकेत जाऊ. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये व्हिक्टोरिया नावाचं समुद्रासारखं सरोवर आहे. त्यात आपल्या चिलापीच्या भावकीतल्या माशांच्या शेकडो जाती होत्या. कितीतरी जाती इतक्या जवळच्या की माद्या जवळपास सारख्याच दिसतात, फरक नरांच्या रंगात. एका जातीचा नर लाल, दुसरीचा निळा. लाल जातीची मादी लाल नराकडे जाते, निळ्या जातीची निळ्याकडे. दोन जाती वेगळ्या राहतात त्या माद्यांच्या डोळ्यांमुळे.

मग सरोवराभोवतीचं जंगल तुटलं, शेतातली माती वाहून आली, खतं आणि सांडपाणी आलं, शेवाळ माजलं आणि पाणी गढूळ झालं. ओले सीहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की जिथं पाणी गढूळ, तिथं नर फिके आणि जाती कमी. गढूळ पाण्यात रंग पोचतच नाहीत. प्रयोगशाळेत असा उजेड ठेवला की ज्यात लाल आणि निळा ओळखू येत नाही, तेव्हा माद्यांनी दोन्ही जातींचे नर सारखेच स्वीकारले. काही ठिकाणी त्या जाती एकमेकींत मिसळून गेल्या. कुणी मासे मारले नाहीत, विष घातलं नाही. फक्त बघून निवडता येईना, तर जात गेली. (या सरोवरात नाइल पर्च नावाचा मोठा परदेशी मासाही सोडला गेला होता आणि त्याने शेकडो जातींचा फडशा पाडला, ती गोष्ट वेगळी आणि तितकीच वाईट.)

युरोपात बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्याला स्टिकलबॅक नावाचा बोटभर मासा आहे. त्याचा नर घरटं बांधतो आणि अंड्यांची राखण एकटा करतो. बाळंतपण काढणारा नवरा म्हणा ना. निरोगी नराचा गळा लालभडक असतो. स्वच्छ पाण्यात अशक्त नर जास्त दिखावा करत नाही, कारण शेजारचा दांडगा नर त्याला बघतो आणि हाकलतो. म्हणजे मादीला जे दिसतं ते बरंचसं खरं असतं. शेतातल्या खतांनी शेवाळ वाढून पाणी गढूळ झालं की दांडग्याला तो दिसत नाही, मग अशक्त नरही मोठा आव आणतो. मादी फसते. राखण नीट होत नाही, आणि भोगतात ती पिल्लं.

आपल्याकडची परिस्थिती तुम्हाला सांगायला नको. काळ्या मातीचं पाणी पावसाळ्यात चहासारखं असतं, ते तर जुनंच आहे आणि इथल्या माशांना त्याची सवय आहे. कटला, रोहूसारखे मासे पावसाळ्यात नदीला पूर आला की वीण करतात, बंद तळ्यात करत नाहीत, म्हणून तर इंजेक्शन देऊन मत्स्यबीज काढावं लागतं. वागणाऱ्या पाण्याचा इशारा त्यांना हवा असतो. पण कयाधूत बारा महिने जे सांडपाणी मिसळतं, शेतातून युरिया धुऊन येतो, डबक्यावर जलपर्णी चढते, ते वेगळं. मासेमारी करणाऱ्या आपल्या ताई सांगतात की आजीच्या काळातल्या कितीतरी माशांची नावं आता फक्त तोंडात उरलीत. त्याची कारणं पुष्कळ आहेत, सगळं निवडीवर ढकलता येणार नाही. तरी पाणी बिघडल्यावर मासा मरतो एवढंच नसतं, जगलेल्या माशांचं घर बसणंही बिघडतं, हे मला या वाचनातून पहिल्यांदा कळलं.

हौदाजवळ करून बघा

ज्या गावात गप्पी हवेत त्यांनी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं, बऱ्याच ठिकाणी गप्पी पैदास केंद्र असतं. सिमेंटचा हौद, जनावरांचं टाकं, वापरात नसलेली विहीर, इथं सोडा. पिण्याच्या पाण्याच्या रांजणाला झाकण आणि आठवड्याचा कोरडा दिवस, याला गप्पी हा पर्याय नाही. पाण्यात टीसीएल टाकलं असेल तर मासे लगेच सोडू नका, मरतील. हौद घासून शेवाळ पार काढून टाकू नका, थोडं राहू द्या. ते का, हे आता तुम्हाला माहीत आहे.

नदीत, ओढ्यात, गावतळ्यात, सिद्धेश्वर किंवा इसापूरच्या पाण्यात गप्पी सोडायचे नाहीत. हा परका मासा आहे, इथल्या बारक्या माशांचं खाणं आणि पिल्लं दोन्ही खातो. एकच तर मादी आहे, तिनं काय होतंय, असं वाटेल. वर सांगितलं होतं ते आठवा, बीज साठवून ठेवणारी एकच मादी पुरेशी असते.

आणि हे नक्की करा. पांढऱ्या काचेच्या बरणीत हौदाचंच पाणी घ्या, त्यात दोन रंगीत नर आणि एक मादी ठेवा. सकाळी, ऊन चढायच्या आधी, पोरींना घेऊन दहा मिनिटं शांत बसा. नर अंग वाकवून थरथरतो का, मादी कुणाकडे सरकते, कुणाकडे पाठ फिरवते, ते बघा. मग त्याच बरणीत चिमूटभर माती कालवा आणि पुन्हा दहा मिनिटं बघा. काय दिसलं ते गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी येईन तेव्हा मला दाखवा. आजींनी आत्ताच निरोप पाठवलाय, त्यांची मादी दोन्ही नरांना सोडून बरणीच्या तळाशी जाऊन बसली म्हणून. तसंही होतं. तेही लिहा.

बघून झालं की बरणी नालीत ओतू नका. मासे आणि पाणी, दोन्ही परत हौदातच.